बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत सध्या जुन्या मोटारींवरून वाद चालू आहे. एका वाचकाने लिहिले की जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या रस्त्यावर नकोतच. दुसऱ्या वाचकाने त्यांना उत्तर देताना जुन्या गाड्यांची बाजू मनापासून घेतली, पण शेवटी एक सल्ला दिला. ज्यांच्याकडे अ‍ॅम्बेसेडर, मॉरिस अशा गाड्या आहेत त्यांनी इंजिनावरचा गंजलेला बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा ओतीव भाग, काढावा आणि स्टीलच्या नळ्यांचा तयार हेडर बसवावा. इंजिन मोकळे होते आणि धूरही जातो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ते वाचून फोंड्यातले, मडगावातले चार गाडीवाले आपला मूळ मॅनिफोल्ड किलोच्या भावाने भंगारवाल्याला देतील, आणि एकदा तो भट्टीत गेला की तसला दुसरा मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. म्हणून हे पत्र.

मी कुर्टी येथे लेथ आणि सर्फेस ग्राइंडर चालवतो. धंदा वडिलांचा. त्यांच्या वेळी आमच्याकडे खाणीच्या ट्रकांचे काम असायचे, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ते काम आटले. त्या सुमारास जुन्या गाड्यांचे मालक यायला लागले. कोणाच्या आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली मॉरिस, कोणाची खाण कंपनीच्या लिलावातून आलेली अ‍ॅम्बेसेडर. जीडी अक्षरांचा जुना नंबर अजून जपणारी ही माणसे गाडी विकायला नाही, चालवायला ठेवतात. चवथीला गणपती त्याच गाडीतून घरी आला पाहिजे, असे सांगणारे माझे गिऱ्हाईक आहे.

आता मुद्द्याकडे येतो. अ‍ॅम्बेसेडरला १९५९ पासून जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बसत आले ते इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचे, बी-सिरीज नावाचे. एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये १७९८ सीसीचे इंजिन आहे तेही याच घराण्यातले. या इंजिनाची एक खोड ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या मॅनिफोल्डला हात लावू नये. सिलिंडर चार, पण हेडच्या कुशीत तोंडे पाचच. पहिल्या सिलिंडरचा धूर एका टोकाच्या तोंडातून बाहेर पडतो, चौथ्याचा दुसऱ्या टोकाच्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा मिळून मधल्या एकाच तोंडातून. उरलेल्या दोन तोंडांतून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत जाते, तेही दोन-दोन सिलिंडरना वाटून. मॉरिस मायनरचे ए-सिरीज इंजिन लहान असले तरी मांडणी हीच.

म्हणजे धुराची तोंडे तीन. तरीही ‘अ‍ॅम्बेसेडरसाठी चार नळ्यांचा हेडर’ विकायला निघालेले लोक मला भेटले आहेत. तीन तोंडांवर चार नळ्या बसत नाहीत. या इंजिनाचा खरा हेडर तीन नळ्यांचा असतो, मधली नळी वेगळी ठेवून लांब नेलेली, आणि तो शर्यतीत इंजिन जास्त फेऱ्यांवर (आरपीएमवर) पळवणाऱ्यांसाठी केलेला. फोंड्याहून मंगेशीला जाणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग?

त्याहून मोठी अडचण दिसायला अगदी क्षुल्लक आहे: वॉशर. या इंजिनात इनटेक (मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट, दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात. दोघांच्या कडा जिथे शेजारी येतात तिथे एकच स्टड (हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा), त्यावर एकच जाड रुंद वॉशर आणि एकच नट. अर्धा वॉशर इनटेकच्या फ्लँजवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या चपट्या कडेवर, अर्धा एक्झॉस्टच्या. दोन्ही फ्लँजची जाडी एकसारखी असेल तरच तो नट दोघांना सारखा दाबतो. एक फ्लँज पातळ निघाली की वॉशर तिरका होतो, जाड बाजू आवळली जाते आणि पातळ बाजू नुसती टेकून राहते. मूळ मॅनिफोल्डच्या जोडीत या जाड्या कारखान्यानेच जुळवलेल्या असतात. बाहेरून आणलेल्या स्टीलच्या हेडरची फ्लँज प्लेटमधून कापलेली असते, ती इनटेकच्या जाडीशी जुळलीच तर योगायोग.

गेल्या पावसाआधी माशेलहून एक मार्क टू अ‍ॅम्बेसेडर टोचन करून माझ्याकडे आली. मालकांनी दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजमध्ये स्टीलचा हेडर बसवून घेतला होता. तेव्हापासून गाडी आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना) थरथरायची, चढावर फटफटायची. कोणी सांगितले कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) बदला, तो बदलला. कोणी सांगितले पॉइंट्स, कंडेन्सर, तेही झाले. शेवटी व्हॉल्व्ह जळाले असतील म्हणून हेड काढायला सांगितले, तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले. मी इंजिन चालू ठेवून इनटेकच्या जोडावर थोडे तेल सोडले. क्षणात आयडलिंग सुधारले आणि तेल आत ओढले गेले. हवा आत शिरत होती. नट सोडून जाडी मोजली तर हेडरची फ्लँज इनटेकपेक्षा दोन मिलिमीटरहून अधिक जाड. सगळा दाब हेडर खात होता, इनटेक सैल. हेड उघडायची काही गरजच नव्हती. असेच काही महिने चालले असते तर मात्र मिश्रण पातळ पडून व्हॉल्व्ह खरोखरच जळाले असते.

यावर उपाय सोपा आहे. लेथवर पायरीचे वॉशर करायचे, जितका फरक तितकी पायरी. मी ते करून दिले आणि गाडी सरळ चालू लागली. पण मालकांची दुसरी तक्रार उरलीच: बॉनेटखाली उष्णता इतकी की मे महिन्यात पणजीच्या सिग्नलवर दहा मिनिटे अडकले की कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल उकळायचे आणि गाडी बंद. बिडाचा जाड मॅनिफोल्ड तापतो खरा, पण पातळ नळ्या लगेच तापून आजूबाजूला आग ओकतात, आणि या इंजिनात कार्ब्युरेटर नेमका त्यांच्याच डोक्यावर असतो. पावसाळ्यात उलटा त्रास. त्या काळच्या अशा इंजिनांत एक्झॉस्टची ऊब मुद्दाम इनटेकच्या पोटाला दिलेली असते, म्हणजे थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ व्हावी. मॉरिस मायनरला तर इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच ओतिवात आहेत. हेडर लावला की ही ऊब गेली. जुलैतल्या दमट सकाळी इनटेकच्या नळीला बाहेरून घाम फुटलेला दिसतो, आणि चोक आत ढकलला की गाडी गचके खाते.

धुराविषयी तर स्पष्टच सांगायला हवे. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरची सुई किंवा जेट झिजले आहे. मॅनिफोल्ड बिडाचा आहे की स्टीलचा, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. प्रदूषण तपासणीत जुन्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालते. रिंगा, व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर ठीक असलेली अ‍ॅम्बेसेडर मूळ मॅनिफोल्डवर ही तपासणी पास होते. माझ्याकडून गेलेल्या गाड्या होतात. पहिल्या पत्रलेखकांनाही हे कळावे असे मला वाटते. धूर सोडणारी जुनी गाडी ही न सांभाळलेली गाडी असते.

मूळ मॅनिफोल्ड तडकतो हे मात्र खरे, आणि त्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक असा आवाज येतो आणि इंजिन तापले की थांबतो, तेव्हा बरेच जण म्हणतात, टॅपेट वाजतात. पुष्कळदा ते टॅपेट नसतात. मॅनिफोल्डचा तडा किंवा जळालेले पॅकिंग असते. बीड तापून फुगले की फट मिटते म्हणून आवाज थांबतो. त्या फटीतून येणारा धूर बॉनेटखालून केबिनमध्ये शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. लहान मुले मागच्या सीटवर झोपली आहेत आणि काचा पावसामुळे बंद आहेत, अशी गाडी मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

आपल्याकडे तडे जाण्याचे एक खास कारण पाऊस. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर पाणी तुंबले की गाडीवाले त्यातून गाडी रेटतात, आणि तापलेल्या बिडावर थंड पाण्याचा फवारा बसतो. असा एकाएकी गार झाला की बीड वाकत नाही, तडकते. शक्य असेल तर थांबावे, किंवा दुसऱ्या रस्त्याने जावे.

तडकलेला मॅनिफोल्ड बदलायचा म्हटले की खरी परीक्षा स्टडची. हेडमधले स्टड अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंचाचे. समुद्राची खारी हवा आणि रोजची तापणी-निवणी यांनी नट त्यांच्यावर सांधल्यासारखे बसतात. घाई करणाऱ्याने लांब पाना लावून झटका दिला की स्टड हेडच्या तोंडाशीच तुटतो आणि दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे. सकाळी नट सोडण्याआधी केसभर आवळावा, मग सोडावा, मग पुन्हा थोडा आवळावा; गंजाची पकड अशी मोडते. तरी हलला नाही तर फक्त नटाला गॅसची ज्योत दाखवावी. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर आधी काढून दूर ठेवलेले असले पाहिजेत, हे सांगावे लागते कारण न काढता ज्योत लावणारे मी पाहिले आहेत. तुटलाच स्टड आणि थोडा बाहेर उरला असेल, तर त्यावर नवा नट वेल्ड करावा. त्या उष्णतेनेच तो पुष्कळदा सुटून येतो.

जुने पॅकिंग खरवडताना काळजी घ्या. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते ओले करून, तोंडाला मास्क लावून काढावे, वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने कोरडे उडवू नये. गॅरेजमधली पोरे हे उघड्या तोंडाने करतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही याचा मला राग येतो.

भंगारातून मॅनिफोल्ड आणायचा तर पारखून आणा. सुतळीला टांगून लहान हातोडीने टिचकी मारा. चांगला बीड घंटेसारखा वाजतो, तडकलेला बद्द आवाज देतो. खात्री हवी तर साफ करून त्यावर रॉकेल लावा, पुसून टाका आणि खडूची पूड शिंपडा. तडा असेल तिथे मुरलेले रॉकेल वर येते आणि ओली रेघ उमटते. मग तो माझ्यासारख्या कोणाकडे फेसिंगला द्या, पण एकटा देऊ नका. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही आणा. वर्षानुवर्षे तापून-निवून जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हमखास केळ्यासारखा वाकलेला असतो. दोन्ही एकत्र बांधून एकाच बैठकीत ग्राइंड केले तर दोघांची तोंडे एका पातळीत येतात. मग मागच्या बाजूने फ्लँजची जाडी जुळवायची. सरळ पट्टी धरून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आत जाते का ते पाहिल्याशिवाय मी काम देत नाही. बसवताना नवे पॅकिंग, एक्झॉस्टच्या स्टडवर पितळी नट म्हणजे पुढच्या वेळी सुटतील, आणि मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात सगळे नट १५ फूट-पाउंडपर्यंत आवळणे, बस. त्याहून जास्त जोर लावला तर फ्लँजचा कान तुटतो. एकदा गाडी फिरवून आणून पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत.

माशेलच्या त्या गाडीला शेवटी असाच भंगारातला मॅनिफोल्ड बसवला. मार्क फोरचा होता. बिडाचे वेल्डिंग त्यात करावे लागले नाही. करावे लागले असते तर आख्खा मॅनिफोल्ड आधी तापवून, निकेलच्या रॉडने थोडा थोडा सांधून, राखेत पुरून रात्रभर निवू द्यावा लागतो. एवढा धीर असलेला वेल्डर आता फोंडा तालुक्यात मला एकच माहीत आहे, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नाही.

म्हणूनच भंगाराची काळजी वाटते. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, आणि त्याच्या कितीतरी आधी बी-सिरीज इंजिनाची जागा इसुझूच्या इंजिनाने घेतली होती. म्हणजे आज जे मॅनिफोल्ड आहेत त्यांत भर पडणार नाही. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ रोजी पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले होते, आणि परवडत नाही म्हणून लोक गाड्या मोडीत काढू लागले. मोडीत गेलेल्या गाडीचे इंजिन सरळ वितळते. सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले हे चांगले झाले. पण त्या नियमांत गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको अशी अट आहे. मूळ सुटे भाग भट्टीत घालून ही अट पाळायची कशी? ज्यांची गाडी दोन-चार वर्षांत पन्नाशी गाठेल त्यांनी तर हेडर बसवण्याआधी दहा वेळा विचार करावा आणि बसवलाच असेल तर जुना मॅनिफोल्ड तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा.

माझी सूचना अशी की आपण गोव्यातल्या बी-सिरीज इंजिनवाल्यांनी मिळून हा मॅनिफोल्ड नव्याने ओतून घ्यावा. हे अशक्य नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीत बिडाच्या फाउंड्र्या आहेत, तिथे याहून कितीतरी अवघड ओतीव काम रोज होते. चोर्ला घाटाने बेळगाव काही लांब नाही. लागते ते इतकेच: एक धड नमुना, त्यावरून केलेला लाकडी साचा आणि आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे. निवताना बीड शेकडा एक या हिशेबाने आकसते, तेवढा साचा मोठा धरावा लागतो. खर्च साचा आणि गाभ्याच्या पेटीचा असतो, बीड त्या मानाने स्वस्त. एकट्याने एक नग करायला गेले तर परवडणार नाही. पंचवीस-तीस जण एकत्र आले तर परवडेल. साचा एकदा झाला की तो टिकतो, पुढच्यांना फक्त ओतणावळ द्यावी लागेल. आमच्या फर्मागुडीच्या आयटीआयसारख्या संस्थेने फेसिंग आणि ड्रिलिंगचे काम मुलांना प्रात्यक्षिक म्हणून दिले तर त्यांनाही शिकायला मिळेल, कारण बीड कसे कापावे हे पुस्तकातून येत नाही.

माझ्याकडे १४८९ सीसी इंजिनाची एक जोडी आहे, इनटेक आणि एक्झॉस्ट, तडा नसलेली, कानही शाबूत. ती मी साच्याचा नमुना म्हणून द्यायला तयार आहे, परत मिळण्याच्या बोलीवर. पहिल्या ओतणीतून जेवढे नग येतील त्यांचे फेसिंग मी मजुरी न घेता करून देईन. ज्यांना सामील व्हायचे आहे त्यांनी आपल्या गाडीचे मॉडेल आणि कार्ब्युरेटर कोणता आहे एवढे लिहून संपादकांच्या पत्त्यावर पत्र पाठवावे. कार्ब्युरेटरचे मुद्दाम लिहा, कारण नवा एक्झॉस्ट आपल्या इनटेकशी जुळेल की नाही ते त्यावरून आधी पाहता येईल. ती पत्रे माझ्याकडे पोहोचवावीत अशी संपादकांना विनंती. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आधी, बेळगावला जाऊन दर विचारून येण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक लेथ कारागीर, कुर्टी, फोंडा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)